द्वारका पुलावर लटकली तेव्हा

खेळ संपला होता. दिवे लागले होते. दरवाजे उघडले होते आणि बाहेर टांगेवाले आपापल्या गिऱ्हाइकांना हाका मारत होते. तरी थिएटरमधली एकही बाई जागची उठली नव्हती.

मी पडद्याशेजारी माझ्या स्टुलावर उभी होते. हातात पत्र्याचा भोंगा. पुन्हा एकदा मोठ्यानं सांगितलं, "आजचा खेळ संपला. पुढचे भाग पुढच्या बुधवारी."

"पुढच्या बुधवारी काय?" पहिल्या रांगेतून आवाज आला. "थे पोरगी तथी दोराले लटकून राह्यली, अन तू आमाले घरी जा म्हनते?"

आवाज यशोदाकाकूंचा होता. त्यांच्या मागे रांगांवर रांगा बायकांनी भरलेल्या होत्या, आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे लागले होते. जणू द्वारकेला मीच त्या पुलावर नेऊन सोडलं होतं.

मिहिर आणि रेवा, मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलत होतात, म्हणून मला निम्मंच कळलं. पण एवढं समजलं, की तुम्ही एक मोठा सिनेमा पाहिलात, हीरो कड्याच्या टोकावर असताना पडद्यावर नावं सुरू झाली आणि पुढचा भाग यायला दोन वर्षं आहेत. रेवा म्हणाली ही फसवणूक आहे. मिहिर म्हणाला यातच मजा आहे. मग दोघांनी विचारलं, "आजी, तुला काय वाटतं?" परदेशच्या फोनवर सविस्तर बोलायची माझी तयारी नसते, म्हणून लिहून पाठवते. या विषयावर मला मत आहे, कारण माझी पहिली नोकरी याच प्रश्नावर जाता जाता राहिली.

तेव्हा वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेलं होतं आणि सिनेमा मुका होता. पडद्यावरची माणसं ओठ हलवायची, आवाज यायचा नाही. अधूनमधून चित्र थांबून काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची. त्याला टायटल कार्ड म्हणत, आमच्याकडे नुसती पाटी. कोण काय बोललं, पुढे काय घडणार, ते त्या पाटीवर. विलायती आणि अमेरिकन सिनेमाच्या पाट्या इंग्रजीत असत. अमरावतीत इंग्रजी वाचणाऱ्या बायका किती, ते मला नावानिशी सांगता आलं असतं. म्हणून बायकांच्या खेळाला पाट्या वाचून मराठीत सांगणारं कोणीतरी लागे. पुरुष ठेवता येत नव्हता. मी इंटरपर्यंत शिकलेली वकिलाची मुलगी. वडिलांनी आधी "सिनेमात?" असं विचारलं आणि मग "सिनेमाच्या शेजारी" हे ऐकून परवानगी दिली.

काम ऐकायला सोपं वाटतं, पण नाही. पाटी पडद्यावर जेमतेम दोन श्वास टिकते. तेवढ्यात ती वाचायची, मनात मराठी करायची आणि भोंग्यातून शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची. थिएटर म्हणजे मोठी टिनाची शेड. श्रावणात सर आली की छपरावर असा आवाज व्हायचा, की माझं मराठी पहिल्या तीन रांगांपलीकडे जात नसे. मग मागच्या बायका ओरडायच्या, "काय म्हने वो?" आणि पुढच्या बायका मागे वळून सांगायच्या. त्या सांगताना स्वतःची चार शब्दांची भर घालायच्या. शेवटच्या रांगेनं पाहिलेला सिनेमा कधीकधी वेगळाच असायचा.

थिएटरचे मालक बापूसाहेब. मूळ भातकुलीचे शेतकरी, काळ्या रानाचे धनी. एका वर्षी मुंबईला कापूस विकायला गेले आणि प्रोजेक्टर घेऊन परत आले. अमरावतीला एक थिएटर, अकोल्याला एक. दर बुधवारी दुपारी अमरावतीला फक्त बायकांचा खेळ ठेवायची कल्पना त्यांचीच. दारावर तिकिटं घ्यायला बाई, आत पाट्या वाचायला बाई. पुरुष एकच, प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर गनीभाई. ते केबिनमध्ये असत आणि केबिनच्या खिडकीला आतून पडदा असे. बायका म्हणायच्या, गनीभाईंना मोजायचं नाही.

त्या श्रावणात बापूसाहेबांनी सीरियल आणली. सीरियल म्हणजे एकच गोष्ट, पण पुष्कळ भागांत कापलेली. दर आठवड्याला दोन भाग दाखवायचे. प्रत्येक खेळाच्या शेवटी नायिका मरणाच्या दारात, आणि तिथेच पाटी: 'ती वाचेल का? पुढच्या आठवड्यात पाहा.' नायिकेचं नाव डोरोथी होतं. आमच्या बायकांनी पहिल्याच बुधवारी तिची द्वारका केली. सीरियलची कॉपी एकच होती. ती आधी अकोल्याला लागे आणि मग रेल्वेनं बडनेऱ्यावरून अमरावतीला येई. म्हणजे द्वारकेचं जे काही व्हायचं ते अकोल्याला एक आठवडा आधी व्हायचं.

पहिल्या दोन बुधवारी द्वारका साध्या संकटात होती. एकदा खोलीत कोंडलेली, एकदा घोड्यावरून पडलेली. बायका थोड्या कुरकुरल्या आणि घरी गेल्या. तिसऱ्या बुधवारी मात्र ती दोराच्या पुलावर चढली. खाली खोल दरी. एका टोकाला मिशीवाला खलनायक, हातात सुरा. त्यानं दोर कापायला सुरुवात केली. द्वारकेची टोपी उडून दरीत गेली. पूल खाली झुकला, ती एका हातानं लोंबकळली, आणि पाटी आली.

आता यशोदाकाकूंबद्दल सांगते. देशमुखांच्या घरच्या, वयानं मोठ्या, आवाजानं त्याहून मोठ्या. त्यांच्या आळीतल्या सासवा आपल्या सुनांना सिनेमाला सोडायच्या, ते काकू बरोबर असत म्हणून. काकू आल्या तर आळी येई, आळी आली तर शेजारची आळी येई. बापूसाहेबही त्यांना वचकून असत, कारण दोघांची शेतं भातकुलीला बांधाला बांध लागून होती आणि त्या बांधावरून काकू काय बोलू शकतात हे त्यांनी ऐकलं होतं.

श्रावणातल्या बुधवारी सकाळी काकूंच्या घरी कहाणी असे. तुम्हाला कहाणी माहीत नसणार. व्रताच्या दिवशी एक बाई गोष्ट सांगते, बाकीच्या हातात अक्षता घेऊन ऐकतात. गोष्ट पूर्ण झाली, सगळ्यांचं भलं झालं, की त्या अक्षता देवापुढे वाहायच्या. मध्ये उठायचं नाही. गोष्ट अर्धी सोडायची तर नाहीच नाही. अर्धी सोडलेली कहाणी घरात भटकत राहते, असं काकू म्हणत.

तर त्या बायका कहाणी ऐकून थेट सिनेमाला यायच्या. आणि इथं काय दिसायचं? पुन्हा एक बाई समोर उभी राहून मोठ्यानं गोष्ट सांगते आहे. मी पाट्या वाचत होते. त्या कहाणी ऐकत होत्या. हे मला त्या तिसऱ्या बुधवारी कळलं, जेव्हा काकूंनी मूठ उघडून दाखवली. मुठीत अक्षता होत्या.

"मले सांग कुसुम, ह्या आता कोठी वाहू?" काकू म्हणाल्या.

"काकू, ही काही व्रताची कहाणी नाही. हा सिनेमा आहे."

"बाई सांगते, बाया आयकते. मंग कहाणी नाई तं काय हाय?"

मागून कोणीतरी म्हणालं, "सांगून टाक ना वो! वाचते का मरते?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

"वाचनारीले माईत नाई!" काकू मागे वळून सगळ्यांना म्हणाल्या. "आयकलं का बाप्पा? कहाणी सांगनारीलेच शेवट माईत नाई!"

थिएटरभर हशा झाला. मीही हसले. पण कोणी उठलं नाही. शेवटी काकूंनीच तोड काढली. अक्षता पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या आणि उभ्या राहिल्या.

"गाठ मारून ठेवते. बुधवारच्या आत मले शेवट सांगजो. नाई सांगतला, तं आमच्या आळीची एक बी बाई अथी पाय नाई ठेवनार. अर्ध्या कहाणीले कोन बसन?"

त्या उठल्या आणि त्यांच्यामागे सगळं थिएटर उठलं.

मी बापूसाहेबांच्या ऑफिसात गेले. ते खुशीत होते.

"आयकलं म्या," ते म्हणाले. "हेच तं पाह्यजे आपल्याले, कुसुमताई! लटकली म्हून येतीन बायका. पिक्चर देनाऱ्या मुंबईवाल्यानं मले सांगतलंच होतं, बापूसाहेब, लोकायले लटकवून ठेवा."

"काकू येणार नाही म्हणतात."

"म्हनते. पन येते. पोटात खड्डा पडला का मानूस येते."

"आणि नाही आल्या तर?"

बापूसाहेबांनी पगडी काढून टेबलावर ठेवली. ते पगडी काढत तेव्हा धंद्याचं बोलत. "हे पाहा. बुधवारच्या दुपारी मले मान्सायचा खेळ बी लावता येते. कुस्तीचे पिक्चर हायेत, मारामारीचे हायेत. बायकायचा खेळ म्या हौसेनं ठेवला. येत्या बुधवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या, तं मी बंद करतो. मंग तुमाले बी दुसरं काम पाहा लागन."

"मग मला शेवट सांगू द्या. पुढचे भाग अकोल्याला लागलेच आहेत."

"अन सांगतल्यावर कोन येईन? उसाचा रस पाजून मंग चोथा विकाले बसता का?"

हिशेब त्यांचा बरोबर वाटत होता आणि काकूंचाही. सांगितलं नाही तर काकू येणार नाहीत. सांगितलं तर कोणीच कशाला येईल? मला ती नोकरी फार आवडायची. आणि बुधवारची दुपार फक्त माझी नव्हती. त्या शेडमध्ये येणाऱ्या कित्येक सुनांना आठवड्यातून तेवढीच एक दुपार मोठ्यानं हसायला मिळायची.

शुक्रवारी वडिलांची अकोल्याच्या कोर्टात तारीख होती. मी म्हटलं, मावशीकडे जाऊन येते. बडनेऱ्याला गाडी बदलून दुपारी अकोल्याला पोचलो. वडील कोर्टात गेले आणि मी मावशीला घेऊन बापूसाहेबांच्या अकोल्याच्या थिएटरमध्ये.

अकोल्याला बायकांचा वेगळा खेळ नव्हता. एका कोपऱ्यात चार बाकं, त्यांना पडदा. तिथले पाट्या वाचणारे एक पेन्शनर पोस्टमास्तर होते. ते प्रत्येक पाटी तार वाचावी तशी वाचत. "नायिका संकटात. घोडा येतो. थांबा." मावशी पदर तोंडात धरून हसत होती.

पुलाचा प्रसंग आला. सीरियलमध्ये नवीन भागाच्या सुरुवातीला मागचा शेवट पुन्हा थोडासा दाखवत. पूल झुकला. द्वारका लोंबकळली. दोर तुटला. ती खाली गेली, आणि कड्यातून आडव्या वाढलेल्या एका दांडग्या झाडाच्या फांदीला तिनं धरलं. झालं. वाचली.

बाकांच्या पडद्यापलीकडून, पुरुषांमधून एक जण ओरडला, "अबे, झाड कोठून आलं बे?"

दुसरा म्हणाला, "मागच्या खेपेले नोतं! आपरेटरनं लावलं असन केबिनीत!"

मग शिट्ट्या. मग कोणीतरी म्हणालं, "पैसे परत द्या, नाई तं झाडाले पानी तरी द्या!" अर्धी माणसं हसत होती. पण काही चक्क उठून गेली.

बाहेर आले तर दारात बापूसाहेब उभे होते. ते शुक्रवारी अकोल्याला असत. पगडी हातातच होती.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "दर खेपेले असंच. एका आठवड्याले मारते, दुसऱ्या आठवड्याले म्हनते मेलीच नोती. अथले लोक आता कमी येऊन राह्यले. कावून, समजत नाई. लटकवून तं बराबर ठेवलं आपन!"

"लटकवलं बरोबर. उतरवताना लबाडी केली," मी म्हटलं. "अमरावतीच्या बायकांना काय वाटेल?"

"त्यायले काय समजते झाड होतं का नोतं?"

"बापूसाहेब, यशोदाकाकू पहिल्या रांगेत बसतात."

त्यांनी हातातली पगडी डोक्यावर घातली. बांध आठवला असावा. मग म्हणाले, "तुमाले जे करायचं ते करा. शेवट सांगायचा तं सांगा. मले बुधवारी खुर्च्या भरलेल्या पाह्यजेत, बस."

सोमवारी दुपारी मी काकूंच्या ओसरीवर गेले. मी येणार ही बातमी आधीच पोचलेली होती. आळीतल्या बायका डाळ निवडायचं सूप घेऊन, कोणी वाती वळायला घेऊन जमल्या होत्या. काम सोबत असलं की बसायला कारण लागत नाही. काकूंची धाकटी सून सरू चहाचे पेले फिरवत होती. सरू गोरीगोमटी, हसरी, पण सासूपुढे तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"बोल," काकू म्हणाल्या.

"द्वारका वाचली."

ओसरीवर एकच कल्ला. कोणी टाळ्या वाजवल्या. कोणी म्हणालं, "म्या म्हटलंच होतं!" काकू उठल्या, आत गेल्या, पदराची गाठ सोडून अक्षता देवापुढे वाहिल्या आणि हात जोडून बाहेर आल्या.

"सुफळ संपूर्ण," त्या म्हणाल्या. "चाल सरू, चहा दे. झालं बाप्पा एकदाचं. आता बुधवारी मी वडे तळाले बसते. हात मोकळा झाला."

बापूसाहेबांचं म्हणणं माझ्या डोळ्यांदेखत खरं होत होतं. रस पिऊन झाला होता.

"पण वाचली कशी, ते तर ऐका," मी म्हटलं. नुसतं बसून राहवेना म्हणून म्हटलं, डाव म्हणून नाही. "दोर तुटला. ती खाली गेली. आणि कड्यावरच्या झाडाची फांदी तिच्या हाताला लागली."

काकूंचा पेला ओठापाशी थांबला.

"झाड?"

"हो. मोठं झाड होतं."

"कोनतं झाड? तथी झाड नोतं."

"होतं वो," वाती वळणारी एक बाई म्हणाली. "असनच. नाई तं वाचली कशी?"

"नोतं म्हनते ना मी! एका बाजूनं खडक. दुसऱ्या बाजूनं थो मिशीवाला मेला. खाली नुसती खाई. मी डोये उघडे ठेवून पाह्यलं. तुमी सगळ्या पदर डोयावर घेऊन बसल्या होत्या."

तेवढ्यात सरू सासूला म्हणाली, "आत्याबाई, झाड होतं. डाव्या अंगाले."

सुपातली डाळसुद्धा थांबली.

"काय म्हनली?"

सरूचा चेहरा लाल झाला, पण ती मागे हटली नाही. "डाव्या अंगाले काहीतरी काळं काळं होतं. म्या पाह्यलं."

"थे खडकाचं भगदाड असन."

"भगदाडाले फांद्या नसते, आत्याबाई."

आणि मग ओसरी फुटली. निम्म्या बायका सासूच्या बाजूला, निम्म्या सुनेच्या. ज्यांच्या स्वतःच्या सासवा तिथे बसल्या होत्या, त्या बोलत नव्हत्या पण सरूकडे पाहून मान हलवत होत्या. कोणी खडूनं ओसरीच्या फरशीवर पूल काढला. कोणी त्यावर झाड काढलं, काकूंनी ते पायानं पुसलं. सरूनं पुन्हा काढलं. सासू-सुना एकमेकींकडे पाहून हसत होत्या आणि भांडतही होत्या.

"कुसुम, तू सांग," काकू म्हणाल्या. "तू पडद्यापाशी उभी होती. झाड होतं का नोतं?"

मी अकोल्याला नुकतंच झाड पाहिलं होतं, आणि आधीच्या बुधवारी काय होतं तेही मला चांगलं आठवत होतं. पण त्या दोघींकडे पाहिलं आणि मला माझा बुधवार दिसला.

"मी पाट्या वाचत होते, काकू. माझी पाठ असते चित्राकडे," मी म्हटलं. हे निम्मं खरं होतं. "पण एक करता येईल. मागच्या वेळचं शेवटचं रीळ गनीभाईंकडेच आहे. मुंबईला परत जायचं ते पेटी भरल्यावर जातं. बुधवारी आधी ते दाखवते आणि लगेच त्याला लागून नवीन. तुम्हीच ठरवा."

"अन वडे?" कोणीतरी विचारलं.

"वडे गेले खड्ड्यात," काकू म्हणाल्या.

रीळ म्हणजे फिल्मची मोठी गुंडाळी. एक संपली की दुसरी लावायची, मध्ये थोडा वेळ जातो. दोन आठवड्यांची रिळं लागोपाठ दाखवायची म्हणजे गनीभाईंना जास्तीचं काम. मी त्यांना केबिनच्या दारातून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, सासू-बहूचा झगडा हाय ना? मग मशीन बी चालवतो अन दुवा बी करतो." मग आवाज खाली करून म्हणाले, "झाड तो नही था. पर मी काहीच नाई बोललो."

बुधवारी मी वेळेआधी पोचले. टांग्यांची रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. ओसरीवरचं भांडण दोन दिवसांत गावभर पोचलं होतं. विहिरीवर, देवळात, भाजीच्या टोपल्यांपाशी, सगळीकडे झाडवाल्या आणि बिनझाडवाल्या. भातकुलीहून एक छकडा बायका घेऊन आला होता. त्यात बापूसाहेबांच्या घरच्या बायकाही होत्या, आणि त्यांना पाहून बापूसाहेब ऑफिसात जाऊन बसले. तिकिटं घेणाऱ्या बाईनं शेवटी घरून सतरंज्या मागवल्या.

पहिल्या रांगेत काकू. त्यांच्या शेजारी सरू. एरवी सरू मागे, सुनांच्या रांगेत बसे. त्या दिवशी काकूंनीच तिला पुढे ओढलं. "अथी बस. मंग म्हनशीन मागून दिसलं नाई."

दिवे गेले. जुनं रीळ सुरू झालं. मी भोंगा खाली ठेवला, कारण आज कोणालाच पाट्या नको होत्या. पूल आला. खडक. मिशीवाला. खाई. सगळं थिएटर पुढे झुकलं. द्वारकेची टोपी उडाली, दरीत गेली. पूल झुकला. डाव्या अंगाला खरंच काहीतरी काळं होतं. ती सावली होती. झाड नव्हतं.

"नाई! नाई! नाई!" काकू उभ्या राहून ओरडल्या. "पाह्यलं? नोतं! मेल्यायनं मंग लावलं!"

बिनझाडवाल्यांनी असा जल्लोष केला, की केबिनचा पडदा बाजूला करून गनीभाईंनीही डोकं बाहेर काढलं. त्या दिवशी कोणी हरकत घेतली नाही. सरू हसत होती. हरल्याचं तिला वाईट वाटलेलं दिसत नव्हतं.

लगेच नवीन रीळ. पूल पुन्हा. दोर तुटला. आणि ते झाड आलं, भलं मोठं, फांद्यांसकट. सबंध थिएटरनं एकसुरात "आलं, आलं, झाड आलं!" म्हणून त्याचं स्वागत केलं. मी तर स्टुलाची कड धरून हसत होते. अकोल्याला याच झाडापायी माणसं उठून गेली होती. इथं ते पाहायला बायका छकड्यातून आल्या होत्या.

द्वारका फांदीवर चढली, उभी राहिली, घाम पुसला. आणि सरू किंचाळली, "आत्याबाई, टोपी! टोपी पाहा तिची!"

द्वारकेच्या डोक्यावर टोपी होती. तीच, पट्ट्याची, जी घटकेपूर्वी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दरीत गेली होती.

हे अकोल्याला कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. थिएटरमध्ये असा हशा उठला की टिनाचं छप्पर दणाणलं. काकू हसता हसता खाली बसल्या. डोळे पुसत त्यांनी सरूच्या पाठीवर थाप मारली आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाल्या, "माया सुनेचे डोये पाह्यले का? झाडाले चुकली, पन टोपीले नाई चुकली! आमच्या घरात आली तवापासून मले वाटे, हिले काही दिसतच नाई!"

"दिसते, आत्याबाई," सरू म्हणाली. "बोलत नाई."

त्यावर पुन्हा हशा, आणि यावेळी सुनांच्या रांगांतून जास्त.

त्या खेळाच्या शेवटी द्वारका एका जळत्या गोदामात अडकली. पाटी आली. दिवे लागले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भोंगा उचलला आणि पाटीवर नव्हतं ते वाचलं. "द्वारका वाचते. कशी, ते पुढच्या बुधवारी."

शेवट कळल्याबरोबर बायका निमूट उठल्या. निमूट म्हणजे पायानं. तोंडं चालूच होती. "खिडकी होती का वो तथी?" "दोन होत्या." "एकच! दुसरं कपाट होतं." "लक्षात ठेवजो, तिच्या हातात रुमाल नोता." पोलीस पंचनामा करतात तसं त्यांनी ते गोदाम पाठ करून घेतलं होतं.

बापूसाहेब ऑफिसाच्या दारात उभे राहून टांगे भरताना पाहत होते. "सांगून टाकलं तरी येते," ते म्हणाले. "लबाडी हाय माईत असून येते. कुसुमताई, हे काय होऊन राह्यलं?"

"तुम्हीच म्हणालात ना, खुर्च्या भरायला हव्यात."

"भरल्या तं. पन मुंबईवाल्याले आता काय सांगू?"

त्यांनी मुंबईवाल्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण सीरियल संपेपर्यंत दर बुधवारी आधी मागचं शेवटचं रीळ आणि मग नवीन, हा क्रम अमरावतीत कायम राहिला. हल्ली तुमच्याकडे मालिकांच्या आधी 'मागील भागात' म्हणून काहीबाही दाखवतात, ते पाहिलं की मला हसू येतं. ते लोक आठवण करून द्यायला दाखवतात. आम्ही पुरावा म्हणून दाखवत होतो. दिवाळीनंतर बापूसाहेबांनी अकोल्यालाही बायकांचा खेळ सुरू केला आणि पाट्या वाचायला मलाच पाठवलं. पोस्टमास्तर पुरुषांच्या खेळाला तारा वाचत राहिले. पुढे काही वर्षांनी पडदा स्वतःच बोलायला लागला आणि माझं काम संपलं, पण ती वेगळी गोष्ट.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मिहिर, लटकवलेला शेवट चालतो, पण जेमतेम एक आठवडा चालतो. रेवा, त्यात फसवणूक असते हे तुझं बरोबर आहे, पण फसवणुकीनं धंदा बुडतोच असं नाही. सिनेमावाल्यांना वाटतं, लोक परत येतात ते पुढे काय झालं हे कळावं म्हणून. माझ्या नोकरीतला अनुभव असा, की पुढे काय झालं हे कळलं तरी लोक येतात. आपलं म्हणणं बरोबर होतं हे शेजारणीला दाखवायचं असलं की येतातच. ज्याला प्रेक्षकांना दोन वर्षं थांबवून ठेवायचं असेल, त्यानं त्यांना तोवर भांडायला पुरेल असं काहीतरी द्यावं. तुम्ही दोघं फोनवर ज्या आवाजात बोलत होतात, त्यावरून तुमच्या सिनेमावाल्यांनी ते दिलेलं दिसतं.